ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांवर बुरशी आली तेव्हा : माझा अनुभव

‘पाण्यातच राहतो ना, मग माशाचं औषध चालतं त्याला.’ हे वाक्य मला दुकानात ऐकायला मिळालं, फोनवर मिळालं आणि एका प्राण्यांच्या दवाखान्याच्या काउंटरवरही मिळालं. अजून डोकं तापतं. ॲक्सोलॉटल मासा नाही, सॅलमँडरच्या जातीचा उभयचर आहे; त्याचे पिसासारखे कल्ले डोक्याच्या बाजूला बाहेरच असतात. त्याच्या अंगावर खवले नसतात. पाण्यात जे मिसळाल ते कातडीतून थेट आत जातं. माशांच्या औषधांतलं तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आमच्या ॲक्सोलॉटलच्या, गब्बूच्या, एका कल्ल्याच्या टोकावर पांढरा, कापसासारखा झुबका आला होता. तो कल्ला झटकायचा, झुबका हलायचा, पण सुटायचा नाही. त्याला लगेच झाकणाच्या प्लास्टिक टबात, क्लोरीन काढलेल्या थंड पाण्यात ठेवला. इथवर काही अडलं नाही.

अडलं ते डॉक्टर मिळवताना. दवाखान्याच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये प्राणी निवडायचा होता : कुत्रा, मांजर, पक्षी, इतर. ‘इतर’ निवडलं तर पुढच्या पानावर लसीकरणाचा दाखला सक्तीचा! ॲक्सोलॉटलला कोणती लस देतात? दाखला जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. फोन केला तर ‘फॉर्म भरा, मग बोलू’. फॉर्म भरला जात नाही म्हणूनच फोन करतोय, हे सांगितलं, तर ‘फोटो पाठवा, डॉक्टर बघतील’. फोटो पाठवले, उत्तर नाही. पुन्हा फोन केला, तर दुसऱ्याच कुणी उचलला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. तोवर झुबका शेजारच्या कल्ल्यावर पोचला होता. शेवटी ते सगळं म्हणणं ऐकून त्यांनी मला माशांसाठीची बाटली सुचवली. मी ठाम नाही म्हटलं, आणि आजही वाटतं, तेच बरोबर होतं.

मग शोधत शोधत उभयचर बघणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचलो. त्यांनी औषधाचं नावही न घेता आधी पाण्याचं विचारलं : अमोनिया किती, नायट्राइट किती (दोन्ही घाणीमुळे पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं), तापमान किती? उन्हाळ्यामुळे पाणी 24 अंशांवर गेलं होतं. त्यांना 16 ते 18 हवं होतं आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य. ताणाखाली असलेल्या किंवा जखम झालेल्या जनावरावर ही बुरशी सहसा बसते, म्हणून नुसती बुरशी मारली तर ती परत येते.

उपचार मिठाचा : एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे (टीस्पून) आयोडीन नसलेलं मीठ, पूर्ण विरघळवून, वेगळ्या भांड्यात. जास्तीत जास्त 10 मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर कल्ले भाजतात. नंतर तितक्याच थंड ताज्या पाण्यात. टबात फिल्टर नसतो, म्हणून तिथलं सगळं पाणी रोज बदलायचं. झुबका चिमट्यानं ओढायचा नाही, खालचे नाजूक तंतू तुटतात. आमचा आपोआप गळून पडला. ते तंतू बघून मला किती हायसं वाटलं, काय सांगू! थोडे आखूड झाले होते, पण ते पुन्हा वाढतात.

आता आठवलं म्हणून सांगतो : क्लोरीन काढणाऱ्या द्रावणात कोरफड नको. उचलताना जाळी नको, कल्ले अडकतात. भांड्यानं पाण्यासकट उचला. मिथिलीन ब्लू (बुरशीवर वापरतात ते निळं औषध) द्यायचंच झालं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि टबातच. टाकीत ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. पाणी गार करायला गोठवलेल्या बंद बाटल्या तरंगत ठेवा, पण हळूहळू. एकदम उतरलेलं तापमानही त्रास देतं.

आणि झुबक्याऐवजी करडा, चपटा थर दिसला, कातडी लाल झाली किंवा खाणं बंद झालं, तर ती बुरशी नसून जिवाणूंचा संसर्गही असू शकतो. तेव्हा मिठावर दिवस काढू नका, थेट डॉक्टर गाठा.