नवीन घड्याळं, डायव्हर आणि थोडं मनातलं

गेल्या दीड-दोन वर्षात घड्याळवाल्यांनी इतका माल काढलाय की सगळ्यावर लिहायचं म्हटलं तर महिना जाईल, म्हणून जी मला खरंच महत्त्वाची वाटतात तेवढ्यांवरच लिहितो. आणि आधीच सांगतो, मी डायव्हर घड्याळाचा माणूस आहे. म्हणजे फिरणारं बेझल (काचेभोवतीची कडी), जाड काटे, अंधारात झगझगीत चमकणारा रंग (ज्याला आपण सवयीने रेडियम म्हणतो), पाण्यात बिनधास्त घालता येईल असं. लक्झरीतलं बाकीचं पण बघतो पण जीव इथेच अडकलेला.

सुरुवात ओमेगापासून, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आनंद त्यांनी दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये सीमास्टर प्लॅनेट ओशनची चौथी पिढी आली. हे मॉडेल मुळात 2005 चं. आधीचं 43.5 मिमीवालं ज्यांनी हातात घेतलंय त्यांना माहितीय, 16 मिमी जाडी, शर्टाची बाही वर सरकलेलीच राहायची. नवीन 42 मिमी आहे आणि जाडी 14 च्या आत आणली, आणि तरी 600 मीटर वॉटर रेझिस्टन्स तसाच ठेवलाय. आणि दहाच्या आकड्याजवळची ती हेलियम व्हॉल्व्हची मुंडी, ती काढूनच टाकली!

हा व्हॉल्व्ह नेमका कशाला असतो ते सांगतो कारण बरेच जण त्याला पाण्याशी जोडतात. तेलविहिरींवर वगैरे काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर दिवसेंदिवस दाबाच्या बंद चेंबरमध्ये राहतात, तिथली हवा हेलियम मिसळलेली असते, हेलियमचे अणू इतके बारीक की ते गॅस्केटमधून (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीतून) हळूहळू घड्याळात शिरतात. मग वर येताना चेंबरचा दाब कमी करत नेतात तेव्हा आत अडकलेला हेलियम बाहेर ढकलायला लागतो आणि काच उडू शकते. म्हणजे व्हॉल्व्हचं काम पाण्यात नाहीच, कोरड्या चेंबरमध्ये. आपल्यातल्या किती जणांना ते लागणारे? ओमेगाने ते काढून केसची, म्हणजे घड्याळाच्या डबीची, एक बाजू स्वच्छ केली आणि डेटही काढली, आत 8912 मुव्हमेंट (म्हणजे आतलं यंत्र) आहे, को-अ‍ॅक्सियल (हे काय ते पुढे रोलेक्सपाशी येईल), 60 तासांचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे काढून ठेवलं तरी तेवढा वेळ चालतं. काळं, निळं आणि ऑरेंज असे रंग आहेत. मी ऑरेंजवर फिदा. प्लॅनेट ओशन म्हटलं की ऑरेंजच पाहिजे.

आता खोलीचं काय ते एकदा बोलून टाकू. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा करणारा माणूस दहा-बारा मीटरच्या आतच असतो, आणि नीट कोर्स करून हौशी डायव्हिंग करणाऱ्यांचीही मर्यादा 40 मीटर. आयएसओ 6425 हे डायव्हर घड्याळाचं स्टँडर्ड, त्यात लिहिलेल्या खोलीच्या 25 टक्के जास्त दाबावर टेस्ट होते आणि अंधारात 25 सेंमीवरून वेळ वाचता आली पाहिजे असंही आहे. म्हणजे 200 मीटरचं चांगलं घड्याळ असेल तर विषय संपला, त्यापुढचे आकडे मनाच्या समाधानासाठी. त्यामुळे घड्याळ घेताना खोलीचा आकडा बघू नका, जाडी बघा आणि क्लास्प, म्हणजे पट्टा बंद करायची कडी बघा. रोज मनगटाला तेच दोन जाणवतात.

याच हिशोबाने ट्यूडर. 2025 ला त्यांनी पेलागोस अल्ट्रा काढलं, टायटॅनियम, 43 मिमी, 1000 मीटर. इथे 1000 हा आकडा मला नको होता, पण क्लास्प बघा. टी-फिट आहे, म्हणजे कुठलंही टूल न लागता पट्टा जरासा सैल-घट्ट करता येतो, आणि आतल्या खुणांनाही रेडियम लावलंय. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी मनगट सुजतं आणि संध्याकाळी पट्टा परत सैल होतो, तिथे असा क्लास्प ज्याने वापरलाय तो परत साध्या क्लास्पकडे जाणार नाही. सोबत रबरी पट्टा पण बॉक्समध्येच देतात. तरी माझी निवड त्याच वर्षीच्या ब्लॅक बे 58 बरगंडीची. 39 मिमी, 200 मीटर, जाडी 12 च्या आत. मरून रंगाचं डायल आणि बेझल. हा रंग नव्वदच्या दशकातल्या ट्यूडर सबमरिनरच्या एका प्रोटोटाइपवरून घेतलाय जो कधी विक्रीला आलाच नाही. यातही टी-फिट, आणि मेटास या स्विस सरकारी संस्थेचं सर्टिफिकेशन, म्हणजे दिवसाला 0 ते +5 सेकंद, मागे पडायचं नावच नाही. उन्हात ते डायल गडद वाइनसारखं उजळतं आणि घरात ट्यूबलाइटखाली जवळजवळ चॉकलेटी दिसतं. सध्याच्या डायव्हरमध्ये मला विचाराल तर हे एक नंबर.

रोलेक्सचं लँड-ड्वेलर डायव्हर नाही, फक्त 100 मीटर आहे, पण त्याच्यावर बोललंच पाहिजे. एप्रिल 2025 ला जिनिव्हाला आलं, 36 आणि 40 मिमी, पट्टा केसला जोडूनच आलेला, 1970 च्या दशकातल्या ऑयस्टरक्वार्ट्झची आठवण करून देणारा. बऱ्याच लोकांनी डायलवरच्या मधमाशीच्या पोळ्याच्या नक्षीवर तोंड वाकडं केलं. मलाही ती फार आवडत नाही. पण आत जे आहे ना! डायनापल्स नावाचं नवीन एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगची ऊर्जा ठोक्याठोक्याने सोडणारा भाग. मेकॅनिकल घड्याळात अडीचशे वर्षांपासून लिव्हर एस्केपमेंटच चालत आलंय, त्याला मोठ्या प्रमाणात टक्कर दिली ती इंग्लिश घड्याळजी जॉर्ज डॅनियल्सच्या को-अ‍ॅक्सियलने, जे ओमेगाने 1999 ला आणलं. आता रोलेक्सने सिलिकॉनच्या चाकांनी ऊर्जा घासत नाही तर लोळत पुढे जाईल अशी रचना केलीय, 5 हर्ट्झ म्हणजे तासाला 36,000 ठोके, आणि तरी 66 तास चालतं, जाडी 9.7 मिमी. इतक्या जोरात धडधडणारं मुव्हमेंट इतका वेळ टिकतं हे सोपं काम नाही. लॉन्चला स्टील आणि व्हाइट गोल्डवालं 40 मिमी 14,900 डॉलरला होतं. वेटिंग लिस्टचं बोलायलाच नको.

त्यांचंच 2024 चं सोन्याचं डीपसी मात्र मला अजिबात पटलं नाही. 44 मिमी, 3900 मीटर, वजन पाव किलोच्या वर. एवढं सोनं घालून समुद्रात कोण उतरतंय.

बजेटवाल्यांसाठी सेको. 2024 ला आलेली प्रॉस्पेक्स 1965 हेरिटेजची नवीन बॅच, 40 मिमी, 300 मीटर, 6R55 मुव्हमेंट, 72 तास. शुक्रवारी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच असतं. मूळ घड्याळ 1965 चं, जपानचं पहिलं डायव्हर, तेव्हा 150 मीटरचं. डेट साडेचारच्या जागी तिरकी घुसवलीय, ती नसती तर बरं झालं असतं, पण या किमतीत इतकं काम दुसरं कोण करत नाही.

स्विस घड्याळांच्या किमतीबद्दल एक चांगली गोष्ट. 1 ऑक्टोबर 2025 पासून भारत आणि स्वित्झर्लंडसकट चार युरोपीय देशांचा व्यापार करार लागू झालाय आणि त्यात घड्याळांवरची कस्टम ड्युटी टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. जीएसटी आहेच, पण दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाला सांगून मागवण्यापेक्षा इथेच पक्क्या बिलावर, वॉरंटीसकट घ्यायचे दिवस येतायत असं वाटतं.

आणि आपलं टायटन. 2025 ला त्यांनी नेब्युला जलसा काढलं, फ्लाइंग टूर्बियॉन (एस्केपमेंटच सतत गोल फिरवत ठेवणारी नाजूक रचना), डायलवर हाताने रंगवलेला हवामहल, फक्त 10 नग, किंमत साडेचाळीस लाख. विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण होसूरच्या कंपनीने टूर्बियॉन करून दाखवलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ज्यांना टूर्बियॉन जमतं त्यांनी आता स्वतःच्याच ऑटोमॅटिक मुव्हमेंटवर एक डायव्हर द्यावं, 39 मिमी, 200 मीटर, आयएसओची टेस्ट केलेलं, जाडी 12 च्या आत आणि क्लास्प टूलशिवाय अ‍ॅडजस्ट होणारा. पन्नास-साठ हजारात आलं तर पहिल्या दिवशी दुकानात मी उभा असेन.