चार बोटं

"गाडी रिकामी होती तेव्हा इथे चार बोटं जायची. आता बघा." मिस्त्री मागच्या चाकाशी वाकले. ॲक्सल आणि वरच्या रबराच्या मधे जेमतेम दीड बोट गेलं.

आज दुपारी, कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये. सहा महिने खपून जुनी जिप्सी कॅम्पिंगसाठी तयार केली होती मी. जाड प्लायचे ड्रॉवर, दुसरी बॅटरी, टपावर कॅरियर, त्यावर तंबू आणि पाण्याचे २०-२० लिटरचे दोन कॅन. एकेक वस्तू प्रेमानं निवडलेली. पण ४० किलो पाणी गाडीच्या डोक्यावर चढवलंय, हे मनातच आलं नव्हतं.

जिप्सी मुळात टनभराची, हलकी. जड गाड्या रुततात त्या चिखलातून ती म्हणून तर निघते. तिचा तोच गुण मी सामानाखाली दाबून टाकला होता.

"स्प्रिंगचे पाटे वाढवून द्या," मी म्हटलं.

"देतो की. पण वजन टपावरच राहील ना? माळशेजच्या वळणावर काय कराल, साहेब?"

पाणी खाली, पुढच्या सीटमागे आलं. ड्रॉवर निघाले, त्यांच्या जागी पत्र्याची एक पेटी. ड्रॉवर काढताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू.

बाबा आम्हाला एसटीनं भंडारदऱ्याला न्यायचे. एक वळकटी, एक स्टोव्ह. काही कमी पडल्याचं आठवत नाही.

आत्ता पार्किंगमध्ये जाऊन पुन्हा बोटं घालून आलो. तीन गेली.

तंबू घेऊन निघताना तुम्ही घरी काय ठेवून जाता?