आज तो आला का?

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' या अद्भुतकथांच्या मालिकेची 41 पुस्तकं वाचून संपवायला मला दोन वर्षं चार महिने लागले. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचते, पण सावकाश, आणि प्रॅचेटचं इंग्रजी तर दर चार ओळींनी थांबायला लावतं. तरी ही मालिका संपू नये असं वाटत राहिलं.

या जगाची मांडणी आपल्याकडच्या माणसाला परकी वाटत नाही. ताटासारखी सपाट पृथ्वी चार हत्तींच्या पाठीवर ठेवलेली, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर उभे आणि कासव अवकाशातून पोहत चाललेलं. आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात नंदीपुढे फरशीत दगडी कासव आहे. लहानपणी त्याच्या पाठीला हात लावल्याशिवाय आम्ही गाभाऱ्याकडे जात नसू. पहिलं पान वाचून आईला सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवीन काय? आपल्याकडे दिग्गज आहेत की."

पण त्या पहिल्या पुस्तकात मी दोनदा अडकले. 1983 सालचं 'द कलर ऑफ मॅजिक' ही तोवरच्या इंग्रजी अद्भुतकथांची टिंगल आहे, आणि ज्यांची टिंगल चालली होती त्या कथा मी वाचलेल्याच नव्हत्या. मग एका मैत्रिणीने आठवं पुस्तक हातात ठेवलं, 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!'. सुरुवातीलाच पहारेकऱ्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स भर पावसात दारू पिऊन गटारात पडलेला. त्याला तिथून उठताना पाहिलं आणि ठरवलं, हा माणूस कुठवर जातो ते बघायचं. ते पुस्तक संपवलं, पुन्हा पहिल्यावर आले आणि छापलेल्या क्रमाने निघाले. या खेपेला पहिलं पुस्तकही पार पडलं.

क्रमावरून वाचणाऱ्यांत दोन तट आहेत. बरेच जण एकेक धागा धरायला सांगतात: पहारेकऱ्यांची पुस्तकं एका दमात, मग चेटकिणींची, मग मृत्यू नावाच्या पात्राची. सोय म्हणून ते बरं आहे, पण मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण रेज शू.

रेज शू पहिल्यांदा भेटतो तो अकराव्या पुस्तकात, 'रीपर मॅन'मध्ये. तो मेलेला आहे, पण हिंडतो-फिरतो आणि मेलेल्यांच्या हक्कांसाठी चळवळ चालवतो. घोषणा, सभा, सगळं. मी खूप हसले होते. पुढे तो पहारेकऱ्यांत भरती होतो. आणि 29व्या पुस्तकात, 'नाइट वॉच'मध्ये, व्हाइम्स तीस वर्षं मागे फेकला जातो. शहरात उठाव चाललेला असतो, रस्त्यांवर अडसर रचलेले, आणि त्या गर्दीत एक तरणाबांड रेज शू दिसतो. जिवंत. तेव्हाही घोषणाच देतोय. तो कुठे पडणार हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. त्याला कळलेलं नसतं. रात्री दीड वाजता मी स्वयंपाकघरात उभी राहून ती पानं वाचली, आणि अकराव्या पुस्तकात ज्याला हसले त्याच्यासाठी रडले. 'रीपर मॅन' मृत्यूच्या धाग्यातलं आहे. मी फक्त पहारेकऱ्यांची पुस्तकं धरली असती, तर तो घोषणा देणारा रेज मला आधी भेटलाच नसता. मधल्या सतरा पुस्तकांचं अंतरसुद्धा त्या दुःखाचा भाग आहे.

शहराचंही तसंच. आंक-मॉरपोर्क सुरुवातीला नुसतं घाणेरडं, चोरांचं शहर आहे. मग पहारेकऱ्यांत बुटके येतात, दगडी अंगाचे ट्रोल येतात. 1999च्या 'द फिफ्थ एलिफंट'मध्ये निरोप पोचवणारे मनोरे दिसतात, पाठोपाठ वर्तमानपत्र निघतं, टपालखातं सावरतं, आणि 40व्या पुस्तकात आगगाडी धावते. हे क्रमाने वाचलं की आपणही त्या शहरात राहून म्हातारे होत चाललोय असं वाटतं.

वाचण्याची माझी वेळ म्हणजे येता-जाता बसमध्ये चाळीस-चाळीस मिनिटं. अडचण अशी की यातल्या बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत. थांबायला जागा नाही, स्टॉप आला की वाक्य अर्धवट. म्हणून वही केली. नाव, पहिल्यांदा कुठे दिसला, आता कुठे आहे. दोनशे पानी वही तीनदा बदलावी लागली. तळटिपा मात्र मी कधीच गाळल्या नाहीत. निम्मा जीव त्यांच्यात आहे.

आणि संध्याकाळी आई. ती भाजी निवडायला बसली की दिवसभरात वाचलेलं मी तिला मराठीत सांगायची. तिला शहर, जादूगार यांत फारसा रस नव्हता. तिला मृत्यू आवडला. हातात लांब दांड्याचा विळा घेतलेला सांगाडा, प्रत्येक माणसाच्या नावाचं वाळूचं घड्याळ सांभाळणारा. "रेड्यावर येतो?" तिने विचारलं. नाही, पांढऱ्या घोड्यावर, आणि घोड्याचं नाव बिंकी. त्याला मांजरं आवडतात हे ऐकल्यावर तर तो तिला घरचाच वाटायला लागला.

पुस्तकात मृत्यूचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, मोठ्या लिपीच्या अक्षरांत छापलेलं असतं. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीतच. मग मी आवाज खाली नेऊन, शब्दाशब्दावर थांबून सांगायला लागले. आई हातातली जुडी खाली ठेवून ऐकायची.

'रीपर मॅन'मध्ये त्याला कामावरून काढतात. वाट्याला आलेल्या थोड्या दिवसांत तो बिल डोअर या नावाने मिस फ्लिटवर्थ नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या शेतावर मजूर म्हणून राहतो. कापणीला उभा राहिला की तो सपकन घाव घालत नाही. एकेक ताट वेगळं कापतो, कारण त्याला प्रत्येक ताट वेगळं दिसतं. आई लहानपणापासून सुगीला राबलेली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "असा गडी शेताला परवडायचा नाही. पण माणसाला न्यायला असाच हवा."

त्यानंतर तिचा रोजचा एकच प्रश्न असायचा: "आज तो आला का?" उत्तर जवळजवळ नेहमीच हो असायचं, कारण 41 पैकी 39 पुस्तकांत तो येतो, कधी दोन ओळींपुरता का होईना. तिसाव्यात नाही आणि एकोणचाळिसाव्यात नाही. त्या दोन्ही वेळी ती रुसली.

शेवटची पुस्तकं वाचताना मन जड होतं. प्रॅचेटला स्मृतिभ्रंशाचा एक विरळा प्रकार झाल्याचं त्याने 2007च्या डिसेंबरात जाहीर केलं होतं. पुढे त्याला टंकलेखन जमेना, तेव्हा तो तोंडी सांगून लिहायला लागला. वाक्यांची ठेवण बदललेली जाणवते. पात्रं पूर्वीपेक्षा लांबलचक बोलतात, कथा मधेच सैल होते. काही वाचक ही पुस्तकं टाळायला सांगतात. मी टाळायला सांगणार नाही. 39 पुस्तकं ज्याच्या सोबतीने चाललो, त्याची चाल मंदावली म्हणून आपण पुढे निघून जातो का?

12 मार्च 2015 ला तो गेला, आणि 'द शेफर्ड्‌स क्राउन' हे शेवटचं पुस्तक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. त्याच्या सुरुवातीच्या भागातच मृत्यू एका फार जुन्या पात्राला न्यायला येतो. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी नाव लिहीत नाही. त्या दिवशी बसमध्ये मला पुढे वाचवेना. पुस्तक पिशवीत घातलं आणि दोन स्टॉप आधीच उतरून चालत घरी आले.

आई मेथी निवडत होती. नेहमीसारखं विचारलं, "आला का?"

"आला."

माझा चेहरा बघून तिला कळलं असावं. कोणासाठी, ते तिने विचारलं नाही.

"नीट बोलला का तिच्याशी?"

"हो. मानाने बोलला."

"मग सांग," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाट पुढे सरकवला.