तळाची तोटी

गवती चहाची पाती भांड्यात पाणी घालून उकळायची, वाफ नळीतून नेऊन थंड करायची, असं तेल गाळायला घेतलं की घरातले सगळे नळीच्या टोकाकडे डोळे लावून बसतात. पहिला थेंब पडला की कोणीतरी "आलं, आलं" करतं. बाटलीत पाणी साचत जातं, त्यावर पिवळसर तेलाचा पातळ तवंग धरतो, घरभर वास सुटतो. भांड्यात मागे काय राहिलं, याची चौकशी कोणी करत नाही. ती गाळणाऱ्याने करायची असते, आणि आमच्या घरी गाळणारा मी.

हिशेब मांडला तर हा सगळा सोहळा फारच थोड्या मालासाठी असतो. ताज्या पातीतून वजनाच्या अर्धा टक्का तेल निघालं तरी गंगेत घोडं न्हालं. बहुतेकदा त्याहून कमीच. तीन किलो पाती कापून कोंबावी तेव्हा दहा-बारा मिली तेल हाती लागतं. सोबत लिटर-दोन लिटर सुगंधी पाणी. उरलेलं सगळं, म्हणजे शिजून लिबलिबीत झालेली पाती आणि काढ्याच्या रंगाचं दहाएक लिटर पाणी, खालीच. वर गेलेलं ड्रॉपरने मोजायचं आणि खाली राहिलेलं दोघांनी मिळून उचलायचं.

बरं, ते उकळतं असतं. निवेपर्यंत थांबावं तर पातीने गच्च भरलेलं ते स्टीलचं भांडं मध्यरात्रीपर्यंत गरम राहतं, आणि सकाळी झाकण काढलं की असा आंबूस वास येतो की पुढच्या घाण्याच्या तेलातही त्याची आठवण राहावी. मग्याने उपसावं तर मनगटावर वाफ. तिरपं करून ओतावं तर मोरीपर्यंत ते न्यायचं कोणी? बायकोने दोन्ही हात वर करून सांगितलं, "अहो, तेल तुमचं, पाणीही तुमचंच." म्हणून भांड्याला तळाशी तोटी बसवायचं ठरलं.

तोटी असलेलं भांडं आपल्याला नवं नाही. तांब्याचा बंब आठवा. पण बंबाची तोटी मुद्दामच बुडापासून जरा वर असते. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातला चुना तापल्यावर सुटा होतो, पांढरी खर तळाशी बसते. तोटीतून ती बादलीत येऊ नये, निवळ पाणी यावं, एवढाच त्या उंचीचा हेतू. बंबाची तोटी घेण्यासाठी असते. मला हवी होती ती टाकण्यासाठी. कनौजचे अत्तरवाले ही टाकायची तोटी ओळखून आहेत. देगेतून, म्हणजे फुलं उकळायच्या हंड्यातून, निघालेली वाफ ज्या भपक्यात (वाफ गोळा करायच्या भांड्यात) थंड होते, त्यात तेल वर आणि पाणी खाली असं वेगळं झालं की भपक्याच्या तळाचं भोक उघडून पाणी सोडून देतात. कारखान्याच्या बॉयलरला तर गाळ काढायचा व्हॉल्व्ह खाली असतोच असतो, आणि तो उघडायचं काम नेमलेल्या माणसाकडे असतं. घरच्या भांड्यांनीच काय घोडं मारलंय कोण जाणे.

भांडं घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने झाकण उघडलं, वरची नळी पाहिली, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं वेटोळं पाहिलं, आणि हातातलं ग्राइंडर खाली ठेवलं.

"काका, हे नक्की कशाचं?"

"गवती चहाचं."

"चहाचं?"

खिशातून नमुन्याची बाटली काढून नाकाशी धरली तेव्हा त्याचा विश्वास बसला; थोडा हिरमुसलाही, असं मला वाटलं. त्याचं विचारणं रास्तच होतं. आपल्याकडे 1949चा दारूबंदीचा कायदा आहे, आणि हातभट्टीला सोल्डर मारून दिला हे पोलिसांना समजावत बसायला कोणाला आवडेल? न्यूझीलंडमध्ये 1996 पासून लोकांना स्वतःपुरती दारू घरी गाळायची मुभा आहे. तिकडचा वेल्डर असला प्रश्न विचारत नसेल, सरळ व्हॉल्व्ह केवढा हवा एवढंच विचारत असेल.

"भोक पाडायला दोन मिनिटं, काका. पण ते कुठे पाडायचं ते आधी ठरवा. नंतर बुजवायला बसलो तर भांडं नवं घेतलेलं बरं."

खरी गंमत इथेच आहे. बरोब्बर बुडाला मध्यभागी तोटी लावली तर सगळं पाणी उतरेल, पण खाली गॅसची शेगडी असते. व्हॉल्व्हच्या आतली टेफ्लॉनची बैठक उकळत्या पाण्याला दाद देत नाही, ज्योतीपुढे मात्र तिचं काही चालत नाही. म्हणजे बाजूलाच लावायची. आता बाजूला इंचभर वर लावली तर तीस सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात पावणेदोन लिटर पाणी तसंच राहतं, म्हणजे मग्या काही सुटत नाही. यावर त्यानेच तोड काढली: तोटी फिरवून बसवायचं सॉकेट बाजूला आर्गन वेल्डिंगने बसवायचं आणि आतून एक एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला नळीचा तुकडा, खाली तोंड करून, बुडाला टेकता टेकता ठेवायचा. एकदा धार लागली की पाणी स्वतःच्याच ओढीने एल्बोच्या तोंडापर्यंत उपसलं जातं. विज्ञानाच्या तासाला वक्रनलिका शिकलो होतो, ती पोटापाण्याच्या कामाला आलेली पहिल्यांदा पाहिली.

बॉल व्हॉल्व्ह घ्यायचा तर पाऊण इंची, पूर्ण भोकाचा, म्हणजे आतली वाट नळीएवढीच रुंद असलेला. अर्ध्या इंचीत पातीचा एक चुकार तुकडा आडवा आला की संपलं. पाती ज्या जाळीवर ठेवतो ती तोटीच्या वर असली तरी बारीक चुरा खाली उतरतोच. आणि तोटीच्या तोंडाला आटे पाडून टोपण लावलंच पाहिजे. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाव फेऱ्यात उघडतो. जाता-येता पदर, पिशवी किंवा नातवाचा गुडघा लागला की उकळतं पाणी पायावर. शिवाय नकळत पाणी उतरलं आणि खाली गॅस चालूच राहिला तर पाती करपते, आणि करपल्याचा वास तेलातून कुठल्याच उपायाने जात नाही.

उघडायची रीतही आहे. आधी गॅस बंद, मग झाकण सैल, मग तोटी. झाकण घट्ट असताना तोटी उघडली तर आत हवा शिरायला वाट नसते. पाणी गटक-गटक करत थांबत-थांबत येतं, वर भांडं नळीच्या टोकातून बाटलीतलं पाणी उलटं ओढायला बघतं. तासभर जमवलेलं सुगंधी पाणी परत पोटात घेणारं भांडं कोणाला हवंय?

आता पाणी पाइपने थेट अंगणातल्या बादलीत उतरतं. वेल्डरने मजुरीतले थोडे पैसे कमी केले आणि बदल्यात तेलाची छोटी बाटली मागून घेतली, डासांसाठी म्हणे. बायको ते तपकिरी पाणी निवलं की ओटा आणि पडवी पुसायला वापरते. मुंग्या कमी झाल्या असं तिचं ठाम मत आहे. मला काही फरक दिसत नाही, पण गवत संपत आलं की आता तीच विचारते, पुढचा घाणा कधी लावताय?