पोळ्याआधी रोल भरताना

होल्गा या रोलच्या कॅमेऱ्यात फ्रेमवर फ्रेम चढली, म्हणजे एका फोटोवर दुसरा आला, की लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. प्लास्टिकचा डबा, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची! मला हे पटत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये निघालेल्या या कॅमेऱ्यात शटरचा आणि फिल्म पुढे नेणाऱ्या नॉबचा एकमेकांशी संबंधच ठेवलेला नाही. नॉब किती फिरवायचा ते मागच्या लाल खिडकीतला आकडा सांगतो. म्हणजे मोजायचं काम आपलं, आणि ते नीट जमतं.

आमच्या आर्वी तालुक्यात पोळ्याचं तोरण एकदाच तुटतं. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, संपल्या, तोरण तुटलं, की बैलजोड्या आखरावरून, म्हणजे गावच्या गुरांच्या मैदानावरून, निघाल्याच. तो फोटो शेजारच्या फ्रेमवर चढला, तर थेट पुढच्या वर्षीच्या पोळ्याची वाट पाहायची. म्हणून रोल मी सकाळीच, ओसरीच्या सावलीत भरतो.

होल्गात लागणाऱ्या १२० नावाच्या रुंद रोलची फिल्म पाठच्या कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाला चिकटवलेली असते. पुढे ती नुसती कागदासोबत गुंडाळलेली. भरलेला स्पूल, म्हणजे रोलची रीळ, आत सैल फिरत असेल तर कागदाला ताण राहत नाही, आकडा जागेवर आणला तरी सरकतो, आणि शेवटी रोल जाडजूड होऊन कडेने उजेड खातो. उपाय फुकटचा आहे. रोलच्याच रिकाम्या खोक्याची बोटभर पट्टी कापायची, दुमडायची आणि भरलेल्या स्पूलखाली सरकवायची. नॉब फिरवताना हाताला किंचित अडल्यासारखं लागलं पाहिजे. जोर लावावा लागला तर पट्टी जाड झाली, एक घडी कमी करा. कागदाचं टोक रिकाम्या स्पूलच्या खाचेत घातल्यावर अंगठ्याने दाब देत दोन-तीन वेढे सरळ बसवा, मगच कॅमेऱ्याची पाठ लावा.

खिडकीजवळचा बाण मात्र दहादा तपासा. कागदावर आकड्यांच्या वेगवेगळ्या रांगा असतात. चौकोनी फोटोंसाठी बाण १२ वर, म्हणजे रोलमागे बारा फोटोंच्या रांगेवर, हवा. पिशवीत घासून तो १६ वर सरकला, तर फोटो चौकोनीच निघतात पण फिल्म कमी पुढे जाते, आणि सगळा रोल एकमेकांवर चढतो. मी बाणावर काळी चिकटपट्टी लावूनच टाकतो. खिडकीवरही एक पट्टी, फक्त फिल्म पुढे नेताना उचलायची. आजच्या बहुतेक काळ्या-पांढऱ्या फिल्मला लाल उजेडही लागतो, आणि आपलं ऊन काही साधं नाही.

आकडा जवळ आला की आधी खुणा दिसतात. तिथून नॉब अगदी हळू. आकडा थोडा पुढे गेलाच तर पुढचे सगळे आकडेही तेवढेच पुढे ठेवा. फ्रेम साधारण ५६ मिलिमीटरची, दोन फ्रेममधली जागा जेमतेम. पुढचा आकडा बरोबर मध्यावर आणला, की तीच जागा खाल्ली जाते.

फोटो काढला की लगेच फिल्म पुढे न्यायची, ही माझी सक्त सवय. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेतलेली पोरं भोवती गराडा घालतात, "काका, माह्या नंदीचा काढा ना जी!" त्या गलक्यात आधीची फ्रेम पुढे नेली होती का, हे आठवत बसायला नको.

आणि लॅबला रोल पाठवताना चिठ्ठीवर ठळक लिहा: निगेटिव्ह कापू नका. अंतर कमीजास्त असलं की त्यांची कात्री नेमकी फोटोवरून जाते. अखंड पट्टी घरी आणा, खिडकीशी धरा, आणि स्वतः कापा.