२४ वर्षांनी परत तात्यांच्या भात्यापाशी – माझा अनुभव

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, वेल्डर होतो. फेब्रुवारी १९९९ ला भरती झालो, सिकंदराबादला ट्रेनिंग चालू असतानाच तिकडं कारगिल पेटलं. पुढं भटिंडा, लेह, मधे खडकीचं ५१२ बेस वर्कशॉप असं करत करत २८ फेब्रुवारी २०२३ ला हवालदार म्हणून घरी आलो. गाव खटाव तालुक्यातलं, घर लोहाराचं. आजोबांच्या काळात खळ्यावर बलुतं मिळायचं, तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, काळात ते बंद होऊन रोख पैसे सुरू झाले आणि मी भरती झाल्यावर हळूहळू भाताच बंद पडला. मी परत आलो तेव्हा ऐरणीवर कोंबडी बसलेली होती. ते बघून पोटात कसंतरी झालं, खरं सांगतो.

सगळे म्हणत होते की सिक्युरिटीत जा, बँकेत गार्ड म्हणून लागा, माजी सैनिकाला लगेच घेतात. त्यात वाईट काही नाही, माझे कितीतरी साथी तेच करतात. पण २४ वर्षं लोखंड जोडलेल्या माणसानं गेटवर उभं राहायचं हे माझ्या मनाला काही पटेना, म्हणून गावातच वर्कशॉप टाकायचं ठरवलं.

आधी कागदांचं सांगतो कारण रिटायर होणाऱ्या पोरांचा तिथंच घोळ होतो. माझी पेन्शन स्पर्शवर, म्हणजे लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, वेळेत चालू झाली, त्यात अडचण नाही. अडचण होती बायकोच्या नावाची. लग्नानंतर युनिटनं पार्ट टू ऑर्डर (घरच्यांची नोंद सर्व्हिस रेकॉर्डला घेणारा आदेश) काढली त्यात तिचं माहेरचं नाव पडलं होतं आणि आधार, पॅन, बँक सगळीकडं सासरचं. नोकरीत असताना कधी बघितलंच नाही, पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, हातात आल्यावर दिसलं. बरेच जण म्हणाले राहू दे, तुझी पेन्शन तर येतीय. पण आमच्याच भावकीत एक काकू आहेत, काका गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी दोन वर्षं हेलपाटे घातले त्यांनी, कारण हेच, कागदावर नाव एक आणि आधारला दुसरं. माणूस गेल्यावर त्या बाईनं कुठं कुठं जायचं? म्हणून मी ते आधी धरलं. दोघांचं अॅफिडेव्हिट, मॅरेज सर्टिफिकेट, आधार, पॅन, जोडीचा फोटो असं सगळं जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. मधे एका ठिकाणी फाईल सात आठवडे नुसती पडून होती, विचारलं तर म्हणे फोटोवर सही नाही, आणि ते सांगायला कुणी फोन पण केला नाही. परत फोटो, परत सही. एकूण नऊ महिन्यांनी सुधारलेला पीपीओ आला. तर भावांनो, नोकरीत असतानाच बायको-पोरांची नावं, जन्मतारखा, स्पेलिंग सकट तपासा, युनिटच्या क्लार्ककडं बसून तपासा, तिथं जे थोडक्यात होतं ते बाहेर आल्यावर वर्षावर जातं. आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला विसरू नका, आता मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतो.

पैशाचं म्हणाल तर पेन्शनचा अर्धा भाग विकता येतो, म्हणजे तेवढा भाग दरमहा न घेता एकरकमी आधीच घ्यायचा, मी पूर्ण ५० टक्के विकली, ती १५ वर्षांनी परत चालू होते. त्या पैशात शेड झाली. उद्यम रजिस्ट्रेशन (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) आधारवर फुकट होतं, एकानं मला १५०० रुपये मागितले होते, मुलीनं मोबाईलवर अर्ध्या तासात करून दिलं. ग्रामपंचायतीची ना-हरकत, थ्री फेजचं मीटर, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, हे सगळं होतं, फक्त वेळ धरून चाला. आणि राहत्या एका घराची घरपट्टी माजी सैनिकाला माफ आहे, ते पण सैनिक कल्याणचा दाखला जोडून करून घ्या, गावात निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

वेल्डिंगचं काम पहिल्या महिन्यातच लागलं. ट्रॉलीचे हुक, रोटाव्हेटर, गेट, पत्र्याच्या शेड. इकडं लोक रॉड उघड्यावर ठेवतात, पावसाळ्यात ते दमट होतात आणि जोडात बारीक भोकं पडतात, मग ट्रॉली भरली की हुक तुटतो. लेहला आम्ही रॉड ओव्हनमधे ठेवायचो आणि जाड लोखंड आधी टॉर्चनं तापवून घेतल्याशिवाय हात लावायचो नाही. इथं ओव्हन कुठला, मी जुन्या पत्र्याच्या पेटीत ६० चा बल्ब लावून त्यात रॉड ठेवतो. एवढ्या एका गोष्टीनं माझे जोड टिकतात आणि घर आज त्याच्यावरच चालतंय, भात्यावर नाही, हे पण सांगून ठेवतो.

पण मला भाता पेटवायचाच होता. तात्या आता ७८ चे, घण उचलत नाही, डोळ्याला कमी दिसतं, पण शेडच्या दारात बाज टाकून दिवसभर बसतात. ऊसतोडीचा सीझन जवळ आला होता, बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात आणि त्यांना कोयते लागतात. मी ट्रकची कमानपाटी (स्प्रिंगची पोलादी पट्टी) आणली, कापली, ठोकून आकार दिला, लाल करून चुंबक लावून बघितलं, चुंबक चिकटायचं बंद झालं म्हणजे हीट बरोबर आहे हे आम्हाला शिकवलेलं. आणि पाण्यात बुडवला. "टिंग" असा बारीक आवाज आला. मला काही दिसलं नाही पण बाजेवरून तात्या बोलले, "तडकला बघ." घासून बघितलं तर धारेपाशी केसासारखी चीर. दुसरा पण तसाच. तिसऱ्याला मी हात लावायच्या आधी ते उठून आले, "आरं कमानपाटीला पाणी नगं, त्याल पाज. पाणी जुन्या लोखंडाला." मग ट्रॅक्टरचं जुनं ऑइल डब्यात घेतलं, धूर झाला, आवाज काही नाही आला.

पुढचं त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. कोयता दगडावर घासून चकचकीत करायचा, पाठीकडून परत हळूहळू तापवायचा आणि धारेकडं रंग सरकताना बघायचा. "कडब्याचा रंग आला की काढ, मोरपिशी झाला की मऊ पडला, धार वळंल." आमच्या ट्रेनिंगच्या वहीत हेच होतं, फिकट पिवळा म्हणजे साधारण २३० डिग्री, निळा ३०० च्या आसपास, मी ते पाठ करून पास झालो होतो. तात्या शाळेत गेलेले नाहीत. आता त्यांना रंग नीट दिसत नाही म्हणून मी मोठ्यानं सांगत जातो, "आला पिवळा, सरकला, धारेला लागला," आणि ते "काढ" म्हणतात. असं आमचं दोघांचं मिळून एक माणसाचं काम होतं.

पहिल्या सीझनला ३० कोयते केले. तात्यांचा एक ठसा होता, तीन टिंबांचा, पूर्वी त्यांच्या प्रत्येक खुरप्या-कोयत्यावर असायचा, तो आईच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेला सापडला. मी म्हटलं सगळ्यांवर मारू. ते म्हणाले आधी वाजवून दाखव. मग एकेक कोयता दोरीला टांगून हातोडीनं हलकेच वाजवायचा, ते मान खाली घालून ऐकायचे आणि हो किंवा नाही म्हणायचे. २६ पास झाले, त्यांच्यावर ठसा पडला आणि ते टोळीच्या मुकादमानं नेले. राहिलेले चार विकायचे नाहीत म्हणाले, ते अजून शेडच्या आढ्याला टांगलेत आणि यंदा मला त्यातलाच एक मोडून पुन्हा नव्यानं बनवायला लावलाय.