चेंडूकडे बघणारा पोरगा

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "काय रे, पोराला तसल्या मारामारीत कशाला घातलंस?" तिने मोबाईलवर कुठेतरी अमेरिकन फुटबॉल बघितला होता. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तिकडचे बरेच जण हेच विचारतात, आणि पहिलं वर्षभर मलाही याच प्रश्नाने झोप लागायची नाही.

आम्ही सिएटलजवळ राहतो, पोरगा हायस्कूलच्या टीममध्ये गार्ड खेळतो. म्हणजे चेंडू त्याच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही, त्याचं काम फक्त ब्लॉक करायचं, समोरच्याला अडवून आपल्या चेंडूवाल्याला वाट करून द्यायची. मी चिपळूणला कॉलेजात कबड्डी खेळलोय, कोपऱ्यावर उभं राहून घोटे धरलेत, पट काढलेत, त्यामुळे धक्काबुक्कीचं मला काही वाटत नव्हतं. पण कबड्डीत चढाईला आलेल्याला पक्कं माहीत असतं की हे सगळे मलाच धरायला टपलेत. इथे ज्याला ब्लॉक बसतो तो चेंडूवाल्याच्या मागे धावत असतो, नजर तिकडे, आणि धक्का भलतीकडून येतो. माझा जीव अडकला तो इथे.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे चॉप ब्लॉक. एकाने समोरच्याला वर छातीशी गुंतवून ठेवायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याने येऊन त्याच्या मांडीवर नाहीतर गुडघ्यावर झेप घ्यायची. बुटाचे खिळे टर्फमध्ये रुतलेले, वरचं अंग अडकलेलं, मग सगळा जोर जाणार कुठे, गुडघ्यातच, आणि लिगामेंट तुटतं. आम्ही मातीवर अनवाणी खेळायचो, पाय घसरायचा आणि घसरायचा म्हणून कितीदा गुडघा वाचायचा, हे मला इथे येऊन कळलं. हायस्कूलमध्ये चॉप ब्लॉकला पूर्ण बंदी आहे. एनएफएल या प्रोफेशनल लीगमध्ये मात्र त्याचे काही प्रकार चक्क २०१६ पर्यंत चालायचे!

एकट्याने कमरेखाली ब्लॉक करायला हायस्कूलमध्ये अजून परवानगी आहे, पण चेंडूभोवतीच्या ८ यार्ड बाय ६ यार्डच्या चौकोनातच, तेही लाईनवरच्या, म्हणजे डाव सुरू होताना चेंडूच्या रेषेत समोरासमोर उभ्या असलेल्या पोरांनी लाईनवरच्याच पोरांना. २०२१ पासून त्यात अजून एक अट आली, चेंडू हलल्या हलल्या लगेच करायचा, नंतर नाही. कारण त्या क्षणी दोघं समोरासमोर वाकलेले असतात, एकमेकांना बघत असतात. मला ही अट फार शहाणपणाची वाटते.

ब्लाइंडसाइड ब्लॉक, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूने येऊन दिलेला धक्का, तर कोचने माझ्यावरच करून दाखवला. ऑगस्टमधल्या पालकांच्या मीटिंगला मला मैदानात उभं केलं, म्हणाला तो लांब फेकलेला चेंडू बघत राहा, आणि त्याच्या असिस्टंटने उजवीकडून येऊन उघड्या तळहातांनी माझ्या खांद्याला नुसतं ढकललं. जोर काहीच नव्हता, तरी मी दोन पावलं कोलमडलो आणि मानेला असा हिसका बसला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती. येणारा दिसला असता तर मान आपोआप ताठ झाली असती ना! २००८ मध्ये एनएफएलच्या हाइन्स वॉर्डने अशाच एका ब्लॉकमध्ये कीथ रिव्हर्सचा जबडा मोडला होता, आणि त्या वेळी ते नियमात बसत होतं. आता हायस्कूलमध्ये २०१७ पासून असा ब्लॉक फक्त उघड्या हातांनी चालतो, खांदा घातला की टीमला १५ यार्ड मागे नेण्याचा दंड. एनएफएलने २०१९ मध्ये नियम कडक केला.

गेल्या महिन्यात आमच्याच एका पोराने खांदा घातला. आमचा टचडाउन, म्हणजे आपल्याकडचा गोल म्हणा, झाला होता, सगळे उभे राहून ओरडत होते, आणि मैदानात पंचांनी चूक दाखवायला टाकलेला पिवळा फ्लॅग. टचडाउन रद्द. स्टँडमध्ये पंचांना शिव्या, पण मी त्या दुसऱ्या टीमच्या पोराकडे बघत होतो, तो गुडघ्यावर बसून हेल्मेट धरून होता, नंतर उठला, चालत बाहेर गेला. पंचांचं शंभर टक्के बरोबर होतं.

हा खेळ आधी याहून भयंकर होता म्हणे. इतका जीवघेणा झाला होता की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. तेव्हा खेळाडू हात गुंफून, अगदी आपल्या कबड्डीतल्या साखळीसारखे, एकत्र घुसायचे. १९१० मध्ये ते बंद केलं.

आणि डोक्याचं. आमच्याच वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लायस्टेड नावाचा १३ वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागूनही परत खेळायला उतरला आणि मॅचनंतर कोसळला, मेंदूवर ऑपरेशनं झाली. त्याच्या नावाने २००९ मध्ये कायदा झाला. कन्कशनचा, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला झालेल्या इजेचा, नुसता संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं आणि लेखी परवानगी मिळाल्याशिवाय परत घ्यायचं नाही. पालकांनाही दरवर्षी माहितीपत्रकावर सही करावी लागते. २०१४ पर्यंत असे कायदे सगळ्या राज्यांत आले.

हे मी आईला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये आमच्या पोराला धक्का बसला, उठला पण ट्यूबलाइटकडे बघवेना. ट्रेनर बाईंनी आधी काय केलं तर त्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं. तो म्हणतोय "मी ठीक आहे", आणि त्या काही न बोलता हेल्मेट घेऊन बसल्यात. घरी पडदे ओढून दोन दिवस झोपला, मग टप्प्याटप्प्याने चालणं, धावणं, आणि काल डॉक्टरांचं पत्र मिळालं.

आई, मॅच शुक्रवारी संध्याकाळी सातला आहे, तुझ्याकडे शनिवारी सकाळचे साडेसात. लिंक पाठवतो. ६४ नंबर आपला आहे, चेंडूकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ.